भाद्रपदातली पाहणी

मुरबाड तालुक्याच्या पूर्वेला सह्याद्रीची जी उभी भिंत आहे, तिच्या माथ्यावर किती कचेऱ्यांच्या हद्दी येऊन संपतात, ते एकदा नकाशा पसरून पाहावे. ठाणे जिल्हा तिथे संपतो आणि पुणे जिल्हा तिथेच सुरू होतो. खालचे रान ठाणे वनविभागाच्या टोकावडे परिक्षेत्राकडे, वरचे जुन्नर वनविभागाकडे. दक्षिणेला भीमाशंकरचे अभयारण्य आहे, उत्तरेला कळसूबाई-हरिश्चंद्रगडाचे. दुर्ग, ढाकोबा, नाणेघाट, जीवधन हा मधला पट्टा मात्र दोन्हींतून सुटलेला. वनस्पतींच्या याद्यांचेही तेच. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुणे कार्यालयातल्या हेमाद्रींनी घाटावरचे जुन्नर, आंबेगाव आणि खेड हे तालुके पाहिले. त्यांचे सहकारी बिल्लोरे यांनी खालचा ठाणे जिल्हा पाहिला. दोघांचे काम मोठे आणि आजही उपयोगाचे. पण मधला सहा-सातशे मीटरचा कडा कोणत्याच तालुक्यात धड मोडत नाही. तिथे उगवणाऱ्या झाडाला आपण कोणाच्या हद्दीत आहोत हे विचारायची सोय नाही.

याच धारेवर, जुन्नरच्या अगदी पश्चिम टोकाला दुर्गवाडी आहे. तिथल्या पठारावर मिळालेल्या एका कंदीलपुष्पाचे वर्णन हेमाद्रींनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस केले आणि रोल्ला शेषगिरी राव या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नावावरून त्याला सेरोपेजिया रोली असे नाव दिले. दुर्गाच्या कड्यावर उभे राहून खाली पाहिले की पायाशी मुरबाड तालुका असतो. म्हणजे या वनस्पतीची शास्त्राला झालेली पहिली ओळखच ठाणे जिल्ह्याच्या सीमेपासून हाकेच्या अंतरावरची. आपल्याकडच्या दुर्मीळ वनस्पतींच्या गोष्टी बहुधा अशा हद्दीवरच घडतात. पावसाची हद्द, खडकाची हद्द, तालुक्याची हद्द. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस पंचवीस-तीस किलोमीटर पूर्वेला जुन्नर शहरापर्यंत जाताना चौथ्या हिश्शावर येतो. कोकणातून वर चढलेली झाडे आणि देशावरून पश्चिमेला सरकलेली झाडे या चिंचोळ्या पट्टीत एकमेकांना भेटतात. दोघांच्याही प्रदेशाची ही शेवटची वेस.

कंदीलपुष्पांच्या कुळातल्या काही जाती वेलीसारख्या चढतात, काही गवतात ताठ उभ्या राहतात. गावची माणसे बहुतेकींना खरचुडी म्हणून मोकळी होतात. फूल मात्र निवांत बसून पाहण्यासारखे. बुडाशी फुगीर, वर अरुंद नळी, आणि तोंडाशी पाच पाकळ्या टोकांना जुळून झालेला पिंजरा, त्याला पाच खिडक्या. वासाने आलेली चिलटासारखी बारीक माशी खिडकीतून आत शिरते, नळीच्या गुळगुळीत भिंतीवरून घसरते आणि तळाच्या फुग्यात पडते. नळीत आतल्या बाजूला केस असतात, टोके खाली वळलेली. आत जाताना ते वाट देतात, परतताना आडवे येतात. माशी रात्रभर तिथे कोंडलेली. धडपडताना तिच्या सोंडेला परागांची जुडी चिकटते. दुसऱ्या दिवशी केस कोमेजतात, फूल कलते, माशी सुटते आणि अनुभवातून काही न शिकता पुढच्या फुलात शिरते. या सगळ्या कारभारातून थोड्याच फुलांना फळ धरते. फळ म्हणजे बैलाच्या शिंगांसारखी बारीक शेंगांची जोडी. ती वाळून उकलली की आतल्या बियांना रुईच्या म्हातारीसारखा रेशमी झुबका असतो. तोवर पाऊस सरलेला असतो आणि वारे पूर्वेकडून वाहू लागलेले असतात. पठारावरून उडालेली म्हातारी कड्याखाली जाते ती त्या वाऱ्यावर. बी मुरबाडात उतरते तेव्हा तिच्याकडे जिल्हा बदलल्याचा दाखला नसतो, एवढेच.

हे सगळे श्रावणापासून कार्तिकापर्यंत चालते. पुढे काय होते, तो या लेखाचा मुद्दा. दिवाळीनंतर वरचा भाग वाळतो, गवतात मिसळतो, नाहीसा होतो. जमिनीखाली चार-सहा बोटांवर लहानसा कंद उरतो. पुढचे सहा-सात महिने ही वनस्पती अस्तित्वात आहे याचा जमिनीवर कसलाही पुरावा नसतो. गुराख्याला ठाऊक असते, साळिंदराला ठाऊक असते, रानडुकराला तर नक्कीच. सरकारला ठाऊक असायचे काही कारण नाही, कारण सरकारची पाहणी चैत्र-वैशाखात होते.

वृक्षलागवडीचे वेळापत्रक पाहा. रोपे लावायची जुलैत, म्हणून खड्डे खणायचे एप्रिल-मेमध्ये. त्यासाठी जागा निवडायची त्याच्याही आधी. निवडणारा माणूस टेकडीवर जातो तेव्हा त्याला दिसतो पिवळा, करपलेला उतार, मधूनमधून काळा खडक, एखादे करवंदीचे जाळे. तो कागदावर लिहितो ‘रिकामे क्षेत्र’. त्याच्या दृष्टीने ते खरेच आहे. मग तिथे दीड-दोन फुटी खड्ड्यांच्या रांगा आखल्या जातात, माती उपसून कडेला टाकली जाते, आणि तिच्याबरोबर कंदही उन्हात येतात. जुलैत त्या खड्ड्यात गिरिपुष्पाचे रोप लागते. गुरे त्याला तोंड लावत नाहीत आणि ते सहसा मरत नाही, त्यामुळे हिशेबाला सोयीचे. महाराष्ट्रात २०१६ साली दोन कोटी, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी आणि २०१९ साली तेहतीस कोटी रोपे लावण्याचे उद्दिष्ट होते. इतके खड्डे मावतील अशी मोकळी जमीन शेवटी कुठून मिळणार? गायरानांवर, माळांवर, डोंगरउतारांवरच. त्यांतली किती रोपे जगली यावर विधानसभेत आणि वर्तमानपत्रांत पुष्कळ रणे माजली. खड्डा खणण्याआधी त्या जागी काय होते, हा प्रश्न मात्र त्या गदारोळात कोणी विचारला नाही. झाड लावणे पुण्याचे काम आहे, याबद्दल दोन्ही पक्षांचे एकमत होते.

केवळ वनखात्याला बोल लावून भागणार नाही. गवताचा उतार म्हणजे पडीक, ही समजूत महसुली दप्तरापासून उपग्रहाच्या चित्रांवरून केलेल्या देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशांपर्यंत सगळीकडे मुरलेली आहे. मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरणीय अभ्यासातही अनेकदा पावसाळा वगळून एका हंगामाची पाहणी चालून जाते. हवा आणि धूळ मोजायला ते ठीक असेल. पण सह्याद्रीतली वनस्पती पावसाळा वगळून मोजणे म्हणजे आषाढी वगळून पंढरपूरची गर्दी मोजण्यासारखे आहे. मुरबाडच्या काळू धरणाखाली सुमारे हजार हेक्टर वनजमीन जायची होती. वनमंजुरीआधीच काम सुरू झाले म्हणून उच्च न्यायालयाने २०१२मध्ये ते थांबवले. त्या लढ्यात गावे, शेती, पाणी आणि हक्क यांची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांची घरे आधी. तरीही त्या हजार हेक्टरांत भाद्रपदात काय उगवते याची एक यादी वादी-प्रतिवादी दोघांच्याही फायलीत असायला हरकत नव्हती.

आता ‘पुन्हा सापडलेल्या’ वनस्पतींकडे वळू. मराठी वर्तमानपत्रांना ही बातमी आवडते. शंभर वर्षांनी दर्शन, नामशेष समजली गेलेली वनस्पती जिवंत, वगैरे. बातमी खरी असते आणि आनंदाचीही. पण या शंभर वर्षांत ती वनस्पती कुठे गेली होती? बहुतेक वेळा कुठेच नाही. क्रायनम वूड्रोई या रानलिलीचे कंद १८९७च्या सुमारास वनस्पतिशास्त्रज्ञ वूड्रो यांनी विलायतेत क्यूच्या बागेत पाठवले, तिथे तिला फूल आले, तिथेच तिचे बारसे झाले. मग महाबळेश्वरच्या केट्स पॉइंटवर ती पुन्हा नजरेस पडली ती २००४ साली. केट्स पॉइंट म्हणजे काही दुर्गम अरण्य नव्हे. तिथे मोटारी जातात, मक्याची कणसे मिळतात. फक्त ती फुलते पावसाळ्याच्या तोंडाशी थोडे दिवस, आणि नेमके तेवढे दिवस फूल ओळखणारा माणूस तिथे हवा. शास्त्रज्ञांच्या सहली, महाविद्यालयांच्या सुट्ट्या आणि फुलांचे दिवस यांचा मेळ बसायला शतक लागले.

हबार्डिया या गवताची कथा याहून जड आहे. १९१९ साली सेजविक आणि बेल यांनी ते गिरसप्प्याच्या धबधब्याच्या तुषारांत गोळा केले, बोर यांनी पुढे त्याला नाव दिले, आणि त्यानंतर शरावतीवर लिंगनमक्कीचे धरण झाले. धबधब्याचे पाणी माणसाच्या ताब्यात आले, तुषार आटले. गवत नामशेष झाल्याची नोंद झाली. २००२ साली कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या मंडळींना ते तिलारी घाटात मिळाले, मूळ ठिकाणाच्या बरेच उत्तरेला. आता ती जागा त्याच्या ज्ञात प्रदेशाची उत्तरेकडची कड आहे आणि जवळजवळ सगळा भरवसाही तिच्यावरच. मधले गेले, कडेचे राहिले. हा अपघात नव्हे. प्रदेशाच्या कडेला राहणाऱ्या वनस्पती संख्येने थोड्या असतात, एकमेकींपासून तुटलेल्या असतात, बी कमी धरतात. पण वेगळ्या पावसात आणि वेगळ्या उन्हात टिकायची सवय त्यांनाच लागलेली असते. पाऊस बेभरवशाचा होत चालला आहे हे मुरबाडच्या भातशेतकऱ्याला सांगावे लागत नाही. अशा दिवसांत त्या जातीचे पुढे काय होणार, याचा अंदाज मध्यभागापेक्षा कडेवर आधी येतो. कोल्हापूरकरांनी आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. तिलारीच्या गवताची बातमी देऊन ते थांबले नाहीत, ते दुसऱ्या धबधब्यांशेजारी रुजवून पाहिले.

जुन्नरची शिंदळमाकुडी मात्र वेगळ्याच वाटेने वाचली. डाल्झेल यांनी १८६०च्या दशकात हिवऱ्याजवळच्या खडकांवरून तिचे वर्णन केले आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावाने तिला फ्रेरिया म्हटले. हिवऱ्याला तेव्हा सरकारी वनस्पती बाग होती, म्हणून साहेबमंडळींचे जुन्नरकडे येणे-जाणे असे. मांसल देठाची ही वनस्पती शिवनेरीच्या कड्यांवर आहे. पुढे ती पुरंदरजवळच्या वज्रगडावर, रंधा धबधब्याजवळ आणि आणखी काही जागी सापडली. पावसात हिरवी पाने, तांबूस-जांभळी, पिवळ्या नक्षीची चांदणीसारखी फुले. उन्हाळ्यात नुसता देठ, वाळक्या काडीसारखा. जगातल्या सर्वांत धोक्यातल्या बारा वनस्पतींच्या यादीत एकेकाळी तिचे नाव होते. गंमत अशी की देठाचा तुकडा मातीत खोचला तरी ती रुजते, त्यामुळे युरोपातल्या हौशी लोकांच्या खिडक्यांत ती कुंड्यांमध्ये सुखाने नांदते आहे. कुंडीत ती वाचली यात शंका नाही. पण शिवनेरीच्या कड्यावरची तिची वस्ती म्हणजे तिथली माशी, तिथला कातळ आणि तिथला पाऊस यांच्याशी ठरलेला व्यवहार. तो कुंडीबरोबर बोटीत चढत नाही. गडांच्या डागडुजीत हल्ली उत्साही तरुण तटावरची झुडपे उपटून काढतात. वड-पिंपळाच्या मुळांनी चिरे निखळतात हे खरे. फक्त उन्हाळ्यात हाती येणारी प्रत्येक वाळकी काडी मेलेली नसते, एवढे त्यांना आधी कोणी सांगावे. माहुलीवर आणि गोरखगडावर जाणाऱ्यांनाही.

कोणती वनस्पती कुठे आणि कधी उगवते, या ज्ञानाचा एक भाग शहापूर-मुरबाडच्या बाजारात दरवर्षी मांडलेला असतो. पहिला पाऊस पडला की शहापूर, सरळगाव, टोकावड्याच्या रस्त्याकडेला बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. जांभळट-तपकिरी, टोकदार कोंब, आणि शेजारी हिरव्या काकडांचा वाटा, कारण शेवळाने घसा खाजतो आणि काकडाच्या आंबटपणाने ती खाज मरते. शेवळ हीसुद्धा पश्चिम घाटापलीकडे न आढळणारी वनस्पती. त्यानंतर कुळूची कोवळी पाने येतात. याच कुळातल्या सफेद मुसळीला शास्त्रीय नाव मिळाले ते १९५४ साली, फादर संतापाव आणि फर्नांडिस यांच्याकडून, मुंबईच्या बोरिवलीवरून. डोंगरातल्या माणसांनी तोवर किती पिढ्या भाजी खाल्ली असेल! भाजीसाठी पाने खुडली तर कंद जागेवर राहतो आणि पुन्हा फुटतो. मुसळीच्या व्यापाऱ्याला कंदच हवा असतो, आणि तो एकदा आला की त्या उतारावर पुढच्या साली पानेही नसतात. हा फरक भाजीवालीला शिकवावा लागत नाही. कुठल्या उतारावर कोणते पान कधी येते याचे वेळापत्रक तिच्याकडे आहे, आणि जागा निवडणाऱ्याला नेमके तेच हवे आहे. दोघांची गाठ पडत नाही, कारण एक जूनमध्ये डोंगरात असते आणि दुसरा मार्चमध्ये.

ही गाठ घालून देण्यासाठी कायदा नाही असे म्हणता येत नाही. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक गावात समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही सांगितली. हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली आणि चुकल्यास राज्याला महिन्याला दहा लाखांचा दंड. मग काय, वह्या भराभर भरल्या. आंबा, फणस, साग, म्हैस, कोंबडी. दंड टळला. भाद्रपद येण्याआधीच काम आटोपले होते. वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत १९९१नंतर तीस वर्षे वनस्पतींच्या सहाच नोंदी होत्या आणि त्यांत महाराष्ट्राच्या घाटमाथ्यावरची एकही नव्हती. निर्यातबंदीच्या यादीत मात्र सेरोपेजियाचे सगळे कुळ आहे आणि फ्रेरियाही आहे. म्हणजे खरचुडी परदेशी पाठवायला बंदी. तिच्यावर खड्डा खणायला मात्र सरकारी अनुदान.

राज्यात चांगले उदाहरण नाही असे नाही. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथे देवराईत रानजायफळाची दलदल आढळली. केरळ-कर्नाटकात वाढणाऱ्या या झाडांच्या उत्तरेकडच्या शेवटच्या वस्त्यांपैकी ती एक. २०२१ साली राज्याने त्या अडीच हेक्टरांना जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा दिला. झाड उंच, मुळे पाण्याबाहेर डोकावणारी, शिवाय देवाचे रान. पाहणाऱ्याला पटायला वेळ लागला नाही. नाशिकजवळच्या अंजनेरीची गोष्ट कंदीलपुष्पाला अधिक जवळची. तिथल्या डोंगरावरच्या सेरोपेजिया अंजनेरिकाचे वर्णन २००६ साली झाले, आणि २०१७ साली तो डोंगर संवर्धन राखीव म्हणून घोषित झाला. पुढे त्याच डोंगरावर रस्ता नेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा विरोध करणाऱ्यांच्या हातात दाखवायला निदान एक नाव होते. दुर्ग-ढाकोबा-नाणेघाटाच्या पट्ट्याला असा कुठलाच कागद नाही. त्याला आहेत पर्यटक.

नाणेघाटात पावसाळ्यात वाऱ्याने उलटे उडणारे पाणी पाहायला शनिवार-रविवारी जी झुंबड उडते, तिची छायाचित्रे सर्वांनी पाहिली आहेत. गाड्या रस्त्यावर मावत नाहीत, म्हणून पठारावर चढतात. ओल्या पठारावर मातीचा थर बोटभर असतो आणि त्या बोटभर मातीतच वर्षाचा सगळा फुलोरा असतो. एका चाकाची चाकोरी दोन-तीन पावसाळे भरून येत नाही. माळशेजला काचेचा स्कायवॉक करण्याचे काही वर्षे घाटत आहे. काचेतून पायाखालचा कडा पाहण्यासाठी माणसे तिकीट काढतील, गावाला धंदा मिळेल, त्याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा जून २०२५मध्ये सुरू झाल्यापासून शहापूरही मुंबईकर-नाशिककरांच्या आवाक्यात आणखी आले आहे. गर्दी येणारच. पण खांब रोवण्याआधी त्या कड्यावरची पाहणी पावसाळ्यात व्हावी, दोर लावून व्हावी. गिर्यारोहणाचे तंत्र आणि ते जाणणारी मुले ठाणे-कल्याणात हवी तेवढी आहेत. वनस्पतिशास्त्राचा एक विद्यार्थी त्यांच्या दोराला बांधला की झाले.

वणव्याबद्दलही थोडे बोलायला हवे, कारण उतारांचा विषय निघाला की सगळा दोष त्याच्यावर टाकून लोक घरी जातात. शिंदळमाकुडीसारख्या उघड्यावरच्या देठाला आग मारतेच. कंदवाल्यांचे तसे नाही. फेब्रुवारी-मार्चच्या आगीत त्या जमिनीखाली सुरक्षित झोपलेल्या असतात. तळेगाव दाभाड्याच्या माळावरून २०२४ साली वर्णन झालेली डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा तर वणव्यानंतर उन्हाळ्यात दुसऱ्यांदा फुलते. म्हणून आगी लावा असे कोणी समजू नये. मुद्दा एवढाच, की उघडा उतार ही आजारी जंगलाची अवस्था नसून अनेक झाडाझुडपांचे कायमचे घर असू शकते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत कापून मुंबईच्या तबेल्यांना पाठवणारा मुरबाडचा गवतवाला या घराची झाडलोट फुकटात करत आला आहे. उतार गिरिपुष्पाच्या सावलीखाली गेला की गवतवाला जातो, गवत जाते, आणि गवताच्या आधाराने उभी राहणारी खरचुडीही जाते. तेहतीस कोटींच्या फलकावर यातले काही येत नाही.

शेवटी एक व्यवहाराची अडचण. दुर्मीळ वनस्पती सापडली की तिची जागा सांगावी की लपवावी? फुलांच्या छायाचित्रासाठी झाड वाकवणारे, कंद उकरून कुंडीत नेणारे, आणि मोबाइलवर अक्षांश-रेखांश टाकणारे हौशी लोक पाहिले की लपवावीशी वाटते. अभ्यासक लपवतातच. पण इंटरनेटपासून लपवणे वेगळे आणि त्या नियतक्षेत्राच्या वनरक्षकापासून, पाड्यावरच्या म्हाताऱ्यापासून लपवणे वेगळे. ज्याच्या हातात कुदळ आहे त्यालाच जागा माहीत नसेल, तर गुपित राखून काय मिळवले? शहापूर पूर्णपणे आणि मुरबाडचा काही भाग पेसा कायद्याच्या अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथल्या ग्रामसभेला आपल्या रानाबद्दल बोलायचा हक्क आहे. सांगायचेच तर तिथे सांगावे, समोरासमोर, नकाशा न छापता.

यासाठी नवे मंडळ नको, निधीची मोठी घोषणा नको. वनविभागाची कार्य आयोजना दहा-दहा वर्षांची असते आणि लागवडीचे क्षेत्र दरवर्षी ठरते. ठाणे, शहापूर आणि जुन्नर या तिन्ही विभागांनी एवढे करावे, की ज्या उतारावर पुढच्या उन्हाळ्यात खड्डे खणायचे आहेत, त्याची एक फेरी आदल्या ऑगस्ट-सप्टेंबरात घ्यावी. बरोबर मुरबाड-शहापूरच्या महाविद्यालयातले विद्यार्थी आणि पाड्यावरची कुळू-शेवळे खुडणारी एक बाई, तिला दिवसाची पूर्ण मजुरी देऊन. तिच्या तोंडून आलेली नावे वहीत तशीच लिहावीत, शास्त्रीय नावे नंतर बसवता येतील. पाहणीत काही निघाले नाही तर खुशाल खड्डे खणावेत. यंदाच्या लागवडीची निवड बहुधा होऊन गेली असेल. पुढच्या वर्षीची यादी अजून कोरी आहे, आणि तिच्यात लिहायच्या जागा भाद्रपदात पाहता येतील.